एक्स-रेची भीती आणि सीटी स्कॅनचा हट्ट

गेली सत्तावीस वर्षे मी एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करीत आहे. या काळात आजारांचे स्वरूप बदलले, औषधे बदलली, रुग्णांच्या हातातील फोनही बदलले. परंतु एक प्रश्न मात्र बदललेला नाही. "डॉक्टर, मागच्याच महिन्यात फोटो काढला होता. पुन्हा काढला तर अपाय नाही ना होणार?" आमच्याकडची जुनी माणसे एक्स-रेला अजूनही 'फोटो' म्हणतात. हा प्रश्न जितक्या वेळा कानी पडतो, जवळजवळ तितक्याच वेळा त्याच्या नेमका उलट आग्रहही ऐकू येतो. "साधा एक्स-रे कशाला? एकदाचा सीटी स्कॅनच लिहून द्या, म्हणजे काय ते सगळे दिसेल."

वरवर पाहता ही दोन वेगळ्या स्वभावांची माणसे वाटतात. प्रत्यक्षात दोघांच्याही मनात एकच शंका असते: थोड्याशा किरणोत्सर्गाने शरीराचे काही बिघडते की नाही? पहिल्याला वाटते, नक्कीच बिघडते. दुसऱ्याला वाटते, काहीच बिघडत नाही. या विषयाचे जाणकारही गेली सत्तर वर्षे या प्रश्नावर एकमताला आलेले नाहीत. तो वाद काय आहे, तो अजून का मिटलेला नाही आणि तो मिटलेला नसतानाही आपल्या घरात निर्णय कसा घ्यावा, हे आज वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

२०२१ च्या मे महिन्यात हा वाद तज्ज्ञांच्या परिषदांतून थेट घराघरांत आला. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. ताप आला की दुसऱ्याच दिवशी छातीचा एचआरसीटी करायचा आणि 'स्कोअर किती आला?' असे एकमेकांना विचारायचे, अशी रीतच पडून गेली होती. पंचवीसपैकी किती, यावर माणसे धीर धरत किंवा खचत. अशा वेळी दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितले की, सौम्य आजारात सीटी स्कॅनचा काही उपयोग नाही. एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे, आणि तरुण वयात तो वारंवार केल्यास पुढे कर्करोगाचा धोका वाढू शकतो. त्यावर इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन या क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली. ही माहिती जुनी झाली, आजच्या यंत्रांवर केलेला अत्यल्प मात्रेचा सीटी केवळ पाच ते दहा एक्स-रेंइतका असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

तीनशे की पाच? माझ्या दवाखान्यात त्या आठवड्यात प्रत्येक जण हाच प्रश्न विचारीत होता. गंमत अशी की, गणित दोघांचेही बरोबर होते. किरणोत्सर्गाची शरीरावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने मोजलेली मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात सांगतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेत सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. समोरून आणि बाजूने अशा दोन फिल्म काढल्या तर ती ०.१ च्या आसपास जाते. छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे ७ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, तर खास अत्यल्प मात्रेत केलेल्या सीटीमध्ये ती १ च्याही खाली ठेवता येते. ७ ला ०.०२ ने भागा, उत्तर साडेतीनशे येते. ०.५ ला ०.१ ने भागा, उत्तर पाच येते. खरा प्रश्न असा होता की, आपल्या गावातील यंत्रावर, आपल्या माणसाचा, प्रत्यक्षात कोणता सीटी होत आहे? तो मात्र कोणी विचारीत नव्हते.

या आकड्यांना काही संदर्भ हवा. आपण कोणतीही तपासणी केली नाही तरी निसर्ग आपल्याला किरणोत्सर्गाची मात्रा देतच असतो. आकाशातून येणारे वैश्विक किरण, जमिनीतील युरेनियम व थोरियम, घरात साठणारा रेडॉन वायू, एवढेच नव्हे तर आपल्याच स्नायूंतील पोटॅशियम, हे सारे मिळून जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा माणसाला मिळते असे धरले जाते. प्रदेशागणिक ती बदलते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण बेसॉल्टचा. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात ही द्रव्ये कमी, म्हणून दख्खनच्या पठारावर जमिनीतून येणारी मात्राही कमी. म्हणजे छातीचा साधा एक्स-रे हा काही दिवसांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढा. दाताचा छोटा एक्स-रे त्याहूनही कितीतरी कमी. डोक्याचा सीटी सुमारे २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे जवळपास वर्षभराएवढा. पोटाचा सीटी ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांएवढा. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत असा किरणोत्सर्ग मुळीच नसतो. हे एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी दवाखान्यातील निम्म्या शंका फिटतील.

आता मूळ वादाकडे वळू. मोठ्या मात्रेविषयी वाद नाही. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, आणि दहा वर्षांच्या आतच त्यांचे बळी नोंदले गेले. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या नळ्यांवर काम करणारे त्यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात आधी भाजले, मग कर्करोगाने ग्रासले, आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढे हर्मन मुलर यांनी फळमाशीवर प्रयोग करून क्ष-किरणांमुळे आनुवंशिक बदल घडतात हे १९२७ मध्ये मांडले. त्याबद्दल त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'याखाली पूर्ण सुरक्षित' असा उंबरठाच नसावा, हा विचार त्यांच्यामुळे रुजला.

त्यानंतरचा सर्वांत मोठा पुरावा हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांनी दिला. तेथील सुमारे १ लाख २० हजार माणसांच्या आरोग्याची नोंद १९५० पासून ठेवली जात आहे. यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली: मात्रा जितकी जास्त, तितके पुढील आयुष्यातील कर्करोगाचे प्रमाण जास्त. कागदावर आलेख काढला तर बिंदू एका सरळ रेषेच्या आसपास बसतात. अडचण रेषेच्या खालच्या टोकाशी आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला 'अल्प मात्रा' म्हणतात तेथे, बिंदू इतके विखुरतात की रेषा कशी ओढावी हेच ठरत नाही.

एक पक्ष म्हणतो, ती सरळ शून्यापर्यंत ओढा. मात्रा कितीही लहान असो, तिच्या प्रमाणात लहानसा धोका आहेच. जगभरचे किरणोत्सर्ग-सुरक्षेचे नियम याच गृहीतकावर उभे आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, पेशींना स्वतःची दुरुस्ती करण्याची शक्ती असते. आपल्या नेहमीच्या चयापचयामुळेही डीएनएला रोज असंख्य इजा होतात आणि त्या भरून निघतात. तेव्हा एका मर्यादेखाली धोका शून्य असला पाहिजे. तिसरा, संख्येने लहान परंतु आवाजाने मोठा पक्ष तर म्हणतो, थोडा किरणोत्सर्ग शरीराला हितकारकच आहे. २००५ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान व वैद्यक अकादमींनी सरळ रेषेच्या गृहीतकावर अल्प मात्रेपुरती जाहीर शंका घेतली. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने मात्र तेच गृहीतक उपलब्ध पुराव्याशी सर्वाधिक जुळते असा निर्वाळा दिला. पुरावे तेच, विद्वान तितकेच मोठे, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध.

सरळ रेषेच्या बाजूचा पुरावा मला अधिक अस्वस्थ करतो, कारण त्यात मुले आहेत. इंग्लंडमध्ये डॉ. अॅलिस स्ट्युअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या मातांकडून गरोदरपणाची तपशीलवार माहिती मिळवली. त्या मातांमध्ये गरोदर असताना पोटाचा एक्स-रे झालेल्या स्त्रियांचे प्रमाण जास्त आढळले. १९५६ आणि १९५८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांनी मान डोलावण्याऐवजी हलवली. आजारी मुलाच्या आईला अशा गोष्टी अधिक आठवणारच, असे म्हटले गेले. परंतु १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमेहन यांनी मातांच्या आठवणीवर विसंबून न राहता रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, आणि अशा मुलांत कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक निघाले. गर्भाला मिळालेली मात्रा साधारण १० मिलिसिव्हर्टच्या घरातील होती. आज गरोदर स्त्रीची तपासणी एक्स-रेने न करता सोनोग्राफीने होते, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. तिच्यामागे हा इतिहास आहे.

२०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधील एक अभ्यास आला. बालपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या सुमारे १ लाख ८० हजार जणांची ती पाहणी होती. दहा वर्षांखालील १०,००० मुलांच्या डोक्याचा एकेकदा सीटी केल्यास पुढील दहा वर्षांत ल्युकेमियाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक असे जादा रुग्ण निघतील, असा अंदाज त्यात मांडला होता. त्यावर आक्षेपही आले: मुलाचा सीटी मुळात कशासाठी झाला? मेंदूत आधीच काही बिघाड असल्यामुळे तर नव्हे? हा आक्षेप रास्त आहे. परंतु २०२३ मध्ये नऊ युरोपीय देशांतील सुमारे साडेनऊ लाख तरुणांच्या पाहणीतही रक्ताच्या कर्करोगांचा सीटीशी संबंध दिसला. त्याच वर्षी फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील ३ लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या अभ्यासातही वर्षानुवर्षे थोडी थोडी मात्रा मिळालेल्यांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्रेबरोबर वाढलेले आढळले.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच देशातला आहे. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पळ्ळी नावाचा किनारी तालुका आहे. तेथील वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि त्यात थोरियम. काही ठिकाणी नैसर्गिक किरणोत्सर्ग वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जातो. हे एकक क्ष-किरणांच्या बाबतीत मिलिसिव्हर्टच्याच मापाचे समजावे. लोक तेथे पिढ्यान्पिढ्या राहत आहेत, मासेमारी करीत आहेत. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तेथील जवळपास ७०,००० प्रौढांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: किरणोत्सर्ग जास्त असलेल्या घरांत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. काहीच धोका नसल्याचा हा पुरावा म्हणावा काय? तसेही नाही. सर्वाधिक मात्रा मिळणाऱ्यांची संख्या थोडी आहे, आणि निसर्गाकडून वर्षभर सावकाश मिळणारी मात्रा वेगळी, सीटीच्या यंत्रातून काही सेकंदांत मिळणारी वेगळी.

वाद का मिटत नाही, याचे उत्तर कोणाच्या हटवादात शोधायचे कारण नाही. ते साध्या अंकगणितात आहे. अमेरिकेच्या त्याच समितीने म्हटले होते की, १०० माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली तर आयुष्यभरात एकाला त्यामुळे कर्करोग होईल. परंतु त्याच शंभरांपैकी ४२ जणांना तो अन्य कारणांनी होणारच आहे. ४२ आणि ४३ यांतला फरक ओळखायचा! मात्रा १० मिलिसिव्हर्टवर आणली तर फरक हजारात एकावर येतो. तज्ज्ञांनी हिशेब केला आहे: १,००० मिलिसिव्हर्टचा परिणाम ओळखायला ५०० माणसे पुरत असतील तर १०० साठी ५०,००० लागतील, आणि १० साठी तब्बल ५० लाख. भर मंडईत कोणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखे हे आहे. ऐकू येत नाही म्हणून घड्याळ नाहीच असे म्हणता येत नाही, आणि आहे असे शपथेवरही सांगता येत नाही.

त्यात हितसंबंधही गुंतलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. सरळ रेषेचे गृहीतक सोडावे, अशी मागणी करणारे तीन अर्ज अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडे आले होते. आयोगाने ते २०२१ मध्ये फेटाळले. २०२५ च्या मे महिन्यात तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्याच आयोगाला या गृहीतकाचा फेरविचार करायला सांगितले गेले. चार वर्षांत निसर्गाचे नियम बदलले नव्हते. नियम सैल झाले तर अणुवीज स्वस्त होते. भीती वाढली तर अणुविरोधाला बळ मिळते. म्हणून या विषयावर कोणी अगदी ठामपणे बोलू लागले की मी जरा सावध होतो.

आता माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांविषयी.

त्याच दुसऱ्या लाटेत एक चोवीस वर्षांचा तरुण माझ्याकडे आला. ताप दोन दिवसांचा, ऑक्सिजन ९८. त्याच्या पिशवीत वीस दिवसांतील तीन सीटीचे रिपोर्ट होते: एक ताप येताच, एक 'स्कोअर वाढला का' हे पाहण्यासाठी, आणि एक बरे झाल्याची खात्री म्हणून, नंतर पुन्हा अंग कसकसल्याने तो आला होता. तिन्ही मिळून मात्रा सुमारे २० मिलिसिव्हर्ट. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार किरणोत्सर्गाच्या कामावरील कर्मचाऱ्यालाही वर्षाला सरासरी एवढीच मात्रा चालते. ही मर्यादा रुग्णांना लागू नाही, कारण रुग्णाला तपासणीचा लाभ होणार असे धरलेले असते. या मुलाला कोणता लाभ झाला? तिन्ही रिपोर्टांमुळे त्याच्या औषधात गोळीचाही फरक पडला नव्हता. सरळ रेषेचे गृहीतक खरे असेल तर त्याने हजारात दोन एवढा जादा धोका विकत घेतला. खोटे असेल तर केवळ पैसे गेले. दोन्ही हिशेबांत जमेची बाजू रिकामीच.

याच्या अगदी उलट एक निवृत्त एसटी कंडक्टर. सहा आठवड्यांचा खोकला, वजन उतरलेले. मी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. "डॉक्टरसाहेब, औषध द्या, पण फोटो नको. टीव्हीवर सांगितलंय, त्यानं कॅन्सर होतो," असे म्हणून काका गेले. थुंकीही तपासली नाही. ते परत आले आठ आठवड्यांनी, रुमालावर रक्त घेऊन. क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या उपचारांनी ते बरे झाले; परंतु त्यांच्या घरात तीन वर्षांची नात होती, आणि त्या आठ आठवड्यांत ती रोज त्यांच्याच मांडीवर बसून जेवत होती. तिला प्रतिबंधक औषध सुरू करावे लागले. एका एक्स-रेची मात्रा, म्हणजे फार तर काही आठवड्यांचा नैसर्गिक किरणोत्सर्ग, टाळण्यासाठी त्या घराने हे मोल दिले. क्षयरोगाच्या जंतूंविषयी मात्र कोणत्याही पक्षात वाद नाही.

तिसरी गोष्ट एका तरुण स्त्रीची. ताप-खोकल्यासाठी तिच्या छातीचा एक्स-रे झाला आणि दोन आठवड्यांनी समजले की तिला दिवस गेले आहेत. सासूबाईंना घेऊन ती आली ती गर्भपाताची चिठ्ठी मागण्यासाठीच. दोघींचे डोळे रडून सुजलेले होते. मी त्यांच्यापुढे कागद घेतला आणि आकडे लिहिले. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी असते. अॅलिस स्ट्युअर्ट यांच्या अभ्यासातली मात्रा याच्या हजारपट होती, आणि तेवढ्या मात्रेतही बालपणीच्या कर्करोगाचा जादा धोका दहा हजारांत सहाच्या आसपास धरला जातो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने तर स्पष्टच म्हटले आहे की, १०० मिलिग्रेच्या खाली केवळ किरणोत्सर्गाच्या कारणावरून गर्भपात समर्थनीय ठरत नाही. "ताई, हे बाळ ठेवायचे की नाही हा तुमचा निर्णय आहे, पण एक्स-रेचे नाव त्याला देऊ नका," एवढेच मी म्हणालो. त्या मुलाच्या लसीकरणासाठी ती पुढे माझ्याकडेच येत राहिली.

भीतीला सुद्धा मात्रा असते आणि तिचे बळी मोजता येतात. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर ग्रीसमध्ये लोकांना मिळालेली जादा मात्रा १ मिलिसिव्हर्टपेक्षा कमी होती. तरीही तेथील गरोदर स्त्रियांत, आणि काही डॉक्टरांतही, अशी घबराट पसरली की सुरुवातीच्या महिन्यांतील जवळपास २३ टक्के गर्भ पाडले गेले असावेत, असा अंदाज 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांना कोणी शांतपणे कागदावर आकडे लिहून दाखवले असते तर त्यांतील किती घरे वाचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मी माझ्यापुरता मार्ग ठरवला आहे. सरळ रेषेचे गृहीतक मी सावधगिरीचा नियम म्हणून मानतो, भाकीत म्हणून नव्हे. यंत्रापुढे उभे राहण्यापूर्वी ते मानायचे, म्हणजे विनाकारण तपासणी होत नाही. तपासणी होऊन गेल्यावर मात्र त्या आधारे एखाद्या माणसाला कर्करोगाचे भविष्य सांगायचे नाही. कोणता पक्ष अखेर खरा ठरेल यावर माझा निर्णय अडत नाही, कारण जी तपासणी गरजेची आहे ती दोन्ही पक्षांच्या मते करावी, आणि जी निरुपयोगी आहे ती दोन्ही पक्षांच्या मते करू नये.

वाचकांनीही हीच कसोटी वापरावी. डॉक्टरांनी एक्स-रे किंवा सीटी लिहून दिला की संकोच न करता विचारावे: "या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदलेल?" उत्तर समाधानकारक असेल तर भीती न बाळगता तपासणी करावी. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेले मूल, पोटात असह्य कळ, बरा न होणारा खोकला, अशा वेळी मिलिसिव्हर्टचा हिशेब करत बसणे जिवावर बेतू शकते. "सोनोग्राफीने किंवा एमआरआयने भागेल का?" हा दुसरा प्रश्न. लहान मुलांच्या बाबतीत तिसरा: "यंत्रावरची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे कमी केली आहे ना?" मुलांच्या वाढत्या पेशी अधिक नाजूक असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही मोठे असते. एक्स-रेच्या वेळी मुलाला धरण्याची गरज पडली तर ते काम गरोदर स्त्रीने करू नये. जो धरील त्याने शिशाचा अॅप्रन घालावा. स्त्रियांनी पाळी चुकली असल्यास तंत्रज्ञाला आधीच सांगावे. आणि तक्रार काहीच नसताना, केवळ सवलत आहे म्हणून, 'फुल बॉडी' पॅकेजमधला सीटी करून घेऊ नये.

शेवटची सूचना अगदी साधी आहे आणि तिला खर्च नाही. घरातील प्रत्येकाच्या फिल्म आणि रिपोर्ट एका फायलीत, तारखेवार, रेशनकार्डाजवळ ठेवावेत. माझ्या अनुभवाने सांगतो, दुबार होणाऱ्या एक्स-रे आणि सीटींपैकी कितीतरी केवळ आधीचा रिपोर्ट सापडत नाही म्हणून होतात. डॉक्टर बदलला, गाव बदलले, मुलगा आईवडिलांना पुण्याला घेऊन गेला, आणि तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. ती फाईल बरोबर असेल तर नव्या डॉक्टरला जुन्या फिल्मशी तुलना करता येते, आणि अनेकदा नवी तपासणी लागतच नाही. शास्त्रज्ञांचा वाद मिटेल तेव्हा मिटेल. ही फाईल मात्र आजच करता येण्याजोगी आहे.